सॉकेटमधला तांदूळ

"कुणी केलं हे?"

यशोधनने चिमटा उजेडात धरला. चिमट्याच्या टोकाला तांदळाचा एक दाणा होता, अष्टगंधाने केशरी झालेला, मधोमध चिरडलेला.

बाबा ओवरीच्या तोंडाशी मांडी घालून बसले होते. आत येता येत नव्हतं. सकाळीच यशोधनने फरशीवर खडूने रेघ ओढली होती आणि बजावलं होतं, "बाबा, रेघेच्या आत पाऊल टाकायचं नाही."

मठ बाबांचा, ओवरी बाबांची, खडूसुद्धा बाबांचाच. रेघ तेवढी यशोधनची.

"मी तर नाही केलं," यशोधन म्हणाला. "अशी चूक माझ्या हातून होतच नाही. वीस वर्षं हेच करतोय मी."

बाबांनी दाण्याकडे बघितलं. मग यशोधनकडे बघितलं.

"बोला ना, बाबा..."

हा यशोधन बर्गे पुण्याचा. कंपनीत नोकरी आणि घरी येऊन पुन्हा यंत्रांतच डोकं. हात सोन्याचे, हे त्याचे वैरीसुद्धा कबूल करायचे. वैरी होतेही बरेच. सोबती मात्र शोधावे लागले असते.

गेल्या वर्षी बायको रेवती माहेरी सांगलीला गेली, ती परत आली नाही. तेव्हापासून तो दर रविवारी यष्टीने कोरेगावला यायचा आणि तिथून वसना नदीच्या काठाने चालत या मठात. बाबांसमोर बसायचा. बाबा घेवडा निवडत असले तर तोही निवडायचा, आणि बाबांनी निवडलेला पुन्हा एकदा तपासून बघायचा.

बाबाही एकटेच होते. त्यांचे गुरुबंधू गणूबुवा मार्गशीर्षात गेले. दोघं तरुणपणी एकाच दिवशी मठात आले होते आणि म्हातारपणापर्यंत एकाच ताटात जेवले. गणूबुवांचा गळा फार गोड. पहाटे ते काकडा म्हणायला लागले की नदीपलीकडच्या मळ्यातली माणसंही उठून बसत. आता पहाट व्हायची आणि नुसती उजाडायची.

गणूबुवांचा आवाज एका जागी शिल्लक होता. कुणा भक्ताने मठाला जुना संगणक दिला होता आणि त्यात त्यांची भजनं भरून ठेवली होती. वळवाच्या पावसात वीज पडली आणि तो संगणक जळाला. आतली डिस्क कशीबशी वाचली.

"मी नवा जोडून देतो," यशोधन म्हणाला होता. "डिस्क त्यात घालू. बुवांचा आवाज तुम्हाला रोज ऐकता येईल."

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एवढं आनंदी यशोधनने त्यांना कधी बघितलं नव्हतं.

तीच वेळ साधून तो म्हणाला, "बाबा, माझं एक मागणं आहे. मला अनुग्रह द्या. मी पुण्याचं घर बंद करतो आणि इथेच येऊन राहतो. तिथे आता माझं कोणी नाही."

बाबांनी डोळे पुसले.

"आधी गणूचा आवाज ऐकव," ते म्हणाले. "मग बोलू."

म्हणून आज तो मोठी बॅग भरून आला होता. सुटे भाग पिशवीत होते आणि बॅगेत कपडे, पांघरुणं, दाढीचं सामान, सगळा संसार. यंत्र सुरू झालं की अनुग्रह, आणि अनुग्रह मिळाला की पुण्याच्या त्या रिकाम्या घरात पुन्हा पाऊल टाकायला नको. असा त्याचा सरळ हिशेब.

बाबांनी दारातच त्याला थांबवलं. मठाची रीत होती ती. आल्या माणसाच्या कपाळाला गंध लावायचं आणि गंधावर दोन अक्षता चिकटवायच्या, मग तो तहसीलदार असो नाहीतर गुराखी.

बाबांनी गंध लावलं, अक्षता बोटाने दाबल्या. तेव्हा त्यांची नजर त्या मोठ्या बॅगेवर गेली.

यशोधनने ओवरीत सतरंजी पसरली. त्यावर सगळे भाग ओळीने मांडले. तेवढ्यात बाबा अक्षतांची वाटी आणि निरांजन घेऊन आले.

"हे कशाला?"

"नवी वस्त आली घरात. पूजा नगं?"

"बाबा, अहो, ही काय बैलजोडी आहे? यात धुळीचा कण गेलेला चालत नाही आणि तुम्ही तांदूळ घेऊन आलात!"

"दोनच दाणं टाकतो. बाजूला..."

"मुळीच नाही. चालू झाल्यावर काय करायची ती पूजा करा."

आणि त्याने खडू मागितला.

बाबांनी खडू आणून दिला. रेघ पूर्ण होईपर्यंत निरांजन हातात धरून उभे राहिले. मग रेघेच्या बाहेर भिंतीला टेकून बसले.

यशोधन कामाला लागला. पेटी उघडली, मदरबोर्ड बसवला, एकेक स्क्रू पिळला. त्याचं काम बघण्यासारखं होतं, यात शंका नाही. फक्त कुणी बघितलेलं त्याला आवडायचं नाही.

"भिंतीवर वीणा टांगलीय तिचा भोपळा फुटलाय," काम करता करता तो म्हणाला. "कुणी फोडला?"

"गणू म्हनायचा, मी फोडला."

"म्हणजे बुवांनी."

"मी म्हनायचो, मी फोडला."

यशोधनने मान वर केली. "दोघांनी कसा फोडला असेल? खरं काय ते सांगा ना."

"त्याच्यावरनं लई भांडलो आम्ही," बाबा हसले. "तो म्हनायचा मी, मी म्हनायचो मी. एकदा तर दोन दिस बोललो न्हाई एकमेकाशी."

"पण शेवटी ठरलं काय?"

"काय ठरनार? तो गेला."

बाबा वीणेकडे बघत राहिले.

"आता एकट्यानं म्हनून काय उपेग..."

यशोधनला हे काही पटलं नाही. त्याच्या मते दोघांपैकी एकाचा धक्का लागला असणार, तो कुणाचा हे शोधून काढता आलं असतं, आणि इतकी वर्षं न शोधता राहिलेली ही माणसं भोळी होती.

मग नाजूक काम आलं. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. तो ज्या चौकोनी घरात बसतो त्याला सॉकेट म्हणतात. त्या सॉकेटात केसासारख्या बारीक पिना असतात, शेकड्यांनी, ओळींनी एका बाजूला वाकून उभ्या. बोट लागलं तरी काम तमाम. यशोधनने वरचं झाकण काढलं, अगदी खाली वाकला, नाक टेकेल एवढा, आणि एक एक ओळ न्याहाळली. सगळ्या पिना जागच्या जागी होत्या.

"चल, जेवून घे," बाबांनी हाक मारली. "भाकरी निवतीया."

त्याने सॉकेट उघडंच ठेवलं. पाच मिनिटांचा तर प्रश्न.

घेवड्याची आमटी होती, भाकरी होती, कांदा होता. बाबा समोर बसले. जेवताना ते मध्येच त्याच्या कपाळाकडे बघत राहिले, पण यशोधनच्या डोक्यात सॉकेट होतं. मग बाबा ताक आणायला उठले. ताकाचं गाडगं ओवरीपलीकडच्या कोनाड्यात असायचं.

जेवण झाल्यावर यशोधनने प्रोसेसर कडांना धरून उचलला. दार त्याच्या पाठीशी होतं, त्यामुळे सॉकेटवर त्याचीच सावली पडली होती. पण हे काम तो डोळे मिटूनही करू शकत होता. त्याने प्रोसेसर बसवला, वरची पट्टी ओढली, खटका दाबला. करकर आवाज झाला. तो दरवेळी होतो.

बाकीचं जोडून झालं. डिस्क बसवली. बाबा रेघेपाशी येऊन मांडी घालून बसले. त्यांनी डोक्याला धुतलेला पटका बांधला होता. गणूबुवा गायला बसले की ते असाच पटका बांधून बसत.

यशोधनने बटण दाबलं.

पंखा फिरला. पडदा काळाच राहिला.

पुन्हा दाबलं. पुन्हा पंखा, पुन्हा काळोख.

"लागतंय का रं?" बाबांनी हळूच विचारलं.

"थांबा जरा!"

त्याने मेमरी काढून घातली. वायरी बदलल्या. शेवटी खटका उचलून प्रोसेसर बाहेर काढला. आणि खाली त्याला तो केशरी दाणा दिसला. त्याच्याभोवतीच्या पिना मुळापासून मोडल्या होत्या. सरळ करता येतील अशा वाकलेल्या नव्हत्या, मोडल्याच होत्या. बोर्ड गेला होता.

इथूनच त्याने विचारायला सुरुवात केली. कुणी केलं हे?

"तुम्ही ताक आणायला उठलात," यशोधन म्हणाला. "गाडगं ओवरीपलीकडेच आहे. अक्षतांची वाटी सकाळपासून तुमच्याच हातात. मी नको म्हटलं तरी पूजा केलीत ना? माझी पाठ वळल्यावर, गुपचूप?"

बाबांची नजर भिंतीवरच्या वीणेकडे गेली.

"नुसतं हो किंवा नाही म्हणा. मला एवढंच कळायला हवं."

"बाबा, बुवांचा आवाज ऐकायचा होता ना तुम्हाला? आता बसा! तुमच्याच हाताने तुम्ही तो घालवलात."

बाबांचा हात पटक्याकडे गेला. त्यांनी तो सावकाश सोडला, घडी घातली, मांडीवर ठेवला.

"आसंल," ते म्हणाले. "माज्याच हातनं झालं आसंल."

यशोधनने सुस्कारा सोडला. छडा लागला होता.

"मग आधीच सांगायचं ना," तो म्हणाला. त्याचा आवाज मवाळ झाला होता. गुन्हा कबूल झाला की त्याला माणसाची दया यायची, हाही त्याचा स्वभाव होता. "मी काय तुम्हाला खाणार होतो? जाऊ दे. डिस्क शाबूत आहे. आज पुण्याला जातो, दुसरा बोर्ड घेऊन पुढच्या रविवारी येतो. पण या वेळी तुम्ही ओवरीकडे फिरकायचंसुद्धा नाही."

"न्हाई फिरकनार."

"आणि अनुग्रहाचं?"

बाबा उठले. "च्या टाकतो," म्हणाले. "यष्टी साडेपाचला हाय."

स्वयंपाकघरातून स्टोव्हचा आवाज येऊ लागला. यशोधन एकटाच ओवरीत उभा राहिला. भाग पेटीत भरताना त्याला बरं वाटायला हवं होतं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. तरी बरं वाटत नव्हतं. असं त्याला पूर्वीही एकदा झालं होतं.

तेव्हा पुण्याच्या घरी त्याने स्वतःसाठी एक यंत्र जोडायला घेतलं होतं. महागाचं ग्राफिक्स कार्ड टेबलावर ठेवून तो कामावर गेला. संध्याकाळी बघतो तर कार्डाचा कोपरा तडकलेला. घरात दोघंच. त्याने रेवतीला विचारलं, कुणी केलं हे?

"मी नाही," ती म्हणाली होती.

त्याने रात्री विचारलं. सकाळी चहाच्या वेळी विचारलं. मी तर नाही केलं, मग कोण, भुताने? ओरडला नाही तो, कधीच ओरडायचा नाही. फक्त विचारत राहिला. शेवटी कणीक मळता मळता, वर न बघता ती म्हणाली, "असेल. माझ्याच हातून झालं असेल."

"मग आधीच सांगायचं ना," तो म्हणाला होता.

त्यानंतर रेवती घरात प्रत्येक गोष्ट विचारून करू लागली. हे उचलू का? हे इथे ठेवू का? पंखा लावू का? त्याला वाटलं, सुधारली. मग एक दिवस तिने काही विचारलं नाही. बॅग भरली आणि गेली.

यशोधनने पेटी बंद केली आणि रांजणापाशी तोंड धुवायला गेला.

ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. हात कपाळावरून खाली फिरवला. तळव्याला काहीतरी टोचलं.

तांदळाचा दाणा. केशरी.

त्याने पुन्हा कपाळ चाचपलं. गंध ओलं होऊन बोटांना लागलं. दुसरा दाणा तिथे नव्हता.

तो तसाच उभा राहिला. दाढीवरून पाणी गळत होतं.

सकाळी दोन लावल्या होत्या. बाबांनी बोटाने दाबल्या होत्या. मग तो सॉकेटवर वाकला होता, नाक टेकेल एवढा. तिथे त्याच्याशिवाय कुणी नव्हतं. रेघेच्या आत कुणी येऊच शकत नव्हतं. रेघ त्यानेच ओढली होती.

बाबांनी ते केलंच नव्हतं. आणि तरी ते म्हणाले होते, माज्याच हातनं झालं आसंल.

यशोधनने रांजणाच्या काठाला धरलं.

कारण ते शब्द आता त्याला बाबांच्या आवाजात ऐकू येत नव्हते. ते रेवतीच्या आवाजात ऐकू येत होते. तिने कार्डाला हात लावला, असं ती कधी म्हणालीच नव्हती. ती फक्त "असेल" म्हणाली होती. ते कार्ड टेबलाच्या कडेला कुणी ठेवलं होतं? घाईघाईने बॅग ओढून कामाला कोण निघालं होतं? हे त्याने कुणालाच विचारलं नव्हतं. उत्तर मिळालं होतं ना.

त्याला भीती वाटली. रेवती गेली त्या दिवशीही वाटली नव्हती एवढी. तेव्हा निदान आपलं चुकलं नाही एवढं तरी त्याच्यापाशी होतं. एका वर्षाचा एकटेपणा त्याने त्याच्या जोरावर काढला होता. आता तेही हातात राहिलं नाही.

तो ओल्या तोंडाने मागे फिरला. ओवरीतली खडूची रेघ त्याच्या पायाने पुसली गेली, ते त्याला कळलंही नाही.

बाबा पायरीवर बसले होते. शेजारी चहाचे दोन कप होते. गणूबुवा गेल्यापासूनही बाबा दोन कप भरायचे आणि दुसरा थंड झाला की तुळशीत ओतायचे, हे यशोधनने अनेक रविवारी बघितलं होतं. आज दुसरा कप त्याचा होता.

त्याने मूठ उघडून दाणा पुढे धरला.

"बाबा... हा माझ्या कपाळावरचा."

"व्हय."

"सॉकेटातला तो दुसराही माझ्याच कपाळावरचा."

"व्हय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"जेवाया बसलास तवाच बघितलं. कपाळाला एकच हुती. म्हनलं, पडली आसंल कुठंतरी."

यशोधन पायरीवर बसला, बाबांच्या खालच्या पायरीवर. नदीकडून गार वारा येत होता. दूर फाट्यावर यष्टीचा हॉर्न वाजला, सांगलीकडे जाणारी होती की पुण्याकडे, इथून कळत नव्हतं. मोठी बॅग दारात उभी होती.

"मी तुम्हाला नाही नाही ते बोललो. बुवांचा आवाज घालवलात म्हणालो." "तुमचा दोष नव्हता, बाबा. तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मग मी विचारत होतो तेव्हा, मी केलं, असं का म्हणालात?"

बाबांनी कप उचलला. फुंकर घातली. मग त्यांनी नदीपलीकडे बघितलं, जिथे पूर्वी पहाटे माणसं उठून बसायची...

"आपुन दोघंच तर हुतो रं हितं," बाबा म्हणाले. "तू न्हाई म्हनलास. मग कुनीतरी व्हय म्हनाया नगं?"